फ्रेंच फ्राईजचा भाडेकरार

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ डिस्नीचं मॅजिक किंगडम आहे. त्यात फ्रंटियरलँड नावाचा एक भाग आहे. जुन्या अमेरिकी पश्चिमेतलं गाव, लाकडी फळ्यांच्या इमारती, काउबॉय, नदीकाठ असा सगळा देखावा. या देखाव्यात एके काळी फ्राईजची एक टपरी होती. मॅकडोनल्ड्सचे फ्राईज आणि थंड पेय, बास. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली, दहाएक वर्षं चालली आणि गेली. तेव्हा लहान असलेली आणि आज पस्तिशी-चाळिशीला पोचलेली अमेरिकी माणसं या टपरीची आठवण काढून अजून हळहळतात.

आता यात गोम अशी की मॅकडोनल्ड्स काही बंद पडलेलं नाही. मॅजिक किंगडम ज्या मोठ्या संकुलात आहे त्या डिस्नी वर्ल्डच्या हद्दीतच एक भलंमोठं मॅकडोनल्ड्स उभं आहे, २०२० मध्ये नव्याने बांधलेलं, छतावर सौर पॅनेल वगैरे. बटाटा तोच, मीठ तेच, लाल पुडाही तोच. गाडी वळवली की पाच-दहा मिनिटांत हातात. मग हळहळ कशाची?

याचं एक उत्तर मेंदूत सापडतं आणि दुसरं वकिलाच्या फायलीत. लोक मेंदूबद्दल भरभरून बोलतात, फाइल कुणी उघडत नाही. मला फाइल जास्त रंजक वाटते, म्हणून आधी ती.

आपल्याकडच्या जत्रेचा हिशेब आठवून पाहा. मैदान देवस्थानाचं किंवा ग्रामपंचायतीचं. पाळणेवाला येतो, भेळवाला येतो, रेवड्या-बत्ताशेवाला येतो, बांगड्यांची दुकानं लागतात. प्रत्येक जण जागेचं भाडं भरतो. जत्रा भरवणाऱ्याला पैसे आधी मिळतात आणि मैदान आयतं भरतं. वॉल्ट डिस्नींनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला पहिलं डिस्नीलँड उघडलं, तेव्हा हेच केलं. उद्यानाचा खर्च १ कोटी ७० लाख डॉलरच्या घरात गेला होता आणि हाताशी एवढे पैसे नव्हते. एबीसी या टीव्ही कंपनीने पाच लाख डॉलर घातले, कर्जाची हमी घेतली, बदल्यात डिस्नींनी त्यांना टीव्ही कार्यक्रम दिला. तरी भागेना. मग गाळे भाड्याने दिले. कंपनीने काही वर्षांचा करार करायचा, भाडं भरायचं आणि आपल्या नावाचं दुकान थाटायचं.

म्हणून पहिल्या दिवसांतल्या डिस्नीलँडचा नकाशा पाहिला तर तो किराणा दुकानाच्या फळीसारखा दिसतो. कार्नेशनचं आइस्क्रीम पार्लर, मॅक्सवेल हाउसची कॉफी, वेल्चचा द्राक्षरस, स्विफ्ट या मांसविक्रेत्या कंपनीचं उपाहारगृह. मुख्य रस्त्यावर बायकांच्या अंतर्वस्त्रांचंसुद्धा एक दुकान होतं. मुलांच्या उद्यानात! ते फार टिकलं नाही. परीकथांच्या भागात डबाबंद टूना मासे विकणाऱ्या ‘चिकन ऑफ द सी’ या कंपनीने चक्क एक चाच्यांचं जहाज उभं केलं होतं. शिडं, डोलकाठ्या, सगळं साग्रसंगीत, आणि जहाजाच्या पोटात टूनाचं बर्गर.

एक गाळा नीट बघण्यासारखा आहे. नाव ‘कासा दे फ्रितोस’. फ्रिटो ही मक्याच्या कुरकुरीत चिप्स विकणारी कंपनी. तिने मेक्सिकन पद्धतीचं खाणं देणारं हॉटेल काढलं. दारात एक यंत्र होतं, त्यावर काउबॉय पोशाखातला ‘फ्रिटो किड’ नावाचा बाहुला. नाणं टाकलं की घसरगुंडीवरून चिप्सची पुडी खाली यायची. या हॉटेलला मक्याच्या तोर्तिया, म्हणजे आपल्या भाकरीच्या मेक्सिकन चुलतबहिणी, अ‍ॅलेक्स फूड्स हा पुरवठादार द्यायचा. सांगितली जाते ती हकिकत अशी की शिळ्या तोर्तिया टाकून देताना पुरवठादाराच्या विक्रेत्याने पाहिल्या आणि आचाऱ्याला म्हणाला, टाकता कशाला, तुकडे करून तळा की. तळल्या. गिऱ्हाइकांना आवडल्या. पुढे फ्रिटो-ले कंपनीचे अधिकारी आर्च वेस्ट यांनी लोक काय खातायत ते हेरलं, आणि १९६६ मध्ये ‘डोरिटोज’ अमेरिकाभर दुकानांत आले. शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा उरलेल्या भाकरीचा तुकडा करणाऱ्या कुठल्याही घरात ही युक्ती नवी नाही, पण आपल्या कुस्कऱ्याला कुणी पुडीत भरलं नाही. वेस्ट २०११ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या अस्थींवर मूठमूठ डोरिटोज टाकायचं घरच्यांनी ठरवलं होतं.

पुढे पैसा हाती आल्यावर डिस्नीने खाद्यविक्री हळूहळू स्वतःकडे घेतली. बाहेरच्या कंपन्यांचं नातं मग प्रायोजकाचं झालं. प्रायोजक पैसे भरतो, त्याचं नाव पाटीवर लागतं, त्याचा माल विकला जातो, आणि करार संपला की पाटी उतरते. इथेच आपल्या हळहळीचं मूळ आहे. गल्लीतलं हॉटेल बंद पडतं तेव्हा मालक म्हातारा झालेला असतो, मुलं अमेरिकेत असतात, चार दिवस आधी कुणकुण लागलेली असते. उद्यानातली टपरी गिऱ्हाईक भरभरून असतानाही जाते, कारण कुठल्या तरी दूरच्या इमारतीत कागदाची मुदत संपलेली असते. ती का गेली हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून ती त्याच्या लेखी संपतच नाही.

टूनाच्या जहाजाचं तेच झालं. कंपनी गेली, नाव बदललं, जहाज काही वर्षं उभं राहिलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परीकथांच्या भागाचं नूतनीकरण करताना तेही मोडीत निघालं.

‘ऑरेंज बर्ड’ची गोष्ट याहून मजेशीर. फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम १९७१ मध्ये सुरू झालं. फ्लोरिडा म्हणजे संत्र्यांचं राज्य. तिथल्या संत्रा-बागायतदारांच्या मंडळाने एका खाद्यटपरीचं प्रायोजकत्व घेतलं आणि डिस्नीने त्यांच्यासाठी एक पक्षी काढून दिला. डोकं संत्र्याचं, पंख पानांचे. त्याला बोलता येत नाही, गाताही येत नाही. तो फक्त विचार करतो आणि विचार नारिंगी धुराच्या रूपाने डोक्यावर उमटतात. टपरीवर व्हॅनिला आइस्क्रीममध्ये संत्र्याचा गोठवलेला रस फिरवून द्यायचे. १९८० च्या दशकात करार संपला आणि पक्षी उडाला. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं तो फ्लोरिडात दिसला नाही. मधेच २००४ मध्ये टोकियो डिस्नीलँडने त्याच्या वस्तू विकायला काढल्या आणि ज्यांनी तो मूळ जागी कधी पाहिलाच नव्हता असे जपानी तरुण त्याच्या प्रेमात पडले. २०१२ मध्ये तो फ्लोरिडात आपल्या जुन्या टपरीवर परत आला. यावेळी मागे संत्रेवाले नव्हते. आता आठवण हाच माल होता.

मॅकडोनल्ड्सचा करार दहा वर्षांचा होता, १९९७ पासूनचा. मुख्यतः तो चित्रपटांच्या खेळण्यांसाठी होता, हॅपी मीलच्या डब्यातून मिळणाऱ्या. पण त्याच्या आगेमागे उद्यानांतही फ्राईजच्या टपऱ्या आल्या. कॅलिफोर्नियात तर ‘बर्गर इन्व्हेजन’ नावाचं ठिकाण होतं, परग्रहावरून बर्गर चाल करून आलंय अशी कल्पना. २००६ मध्ये डिस्नीने मुलांच्या आहाराबद्दल नवे नियम जाहीर केले: आपली पात्रं कुठल्या खाण्यावर छापू द्यायची, उद्यानांतून ट्रान्स फॅट कधीपर्यंत हटवायचे वगैरे. लहान मुलांच्या लठ्ठपणावर तेव्हा अमेरिकेत मोठी ओरड चालू होती. मॅकडोनल्ड्सशी केलेला मोठा करार पुढे वाढवला गेला नाही, आणि दोनेक वर्षांत उद्यानांतल्या टपऱ्याही आवरल्या.

आता मेंदूकडे वळू.

नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्वित्झर्लंडमधल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात बनवला. ग्रीक भाषेतलं घरी परतणं आणि दुखणं जोडून. त्याच्या लेखी तो खराखुरा आजार होता, घरापासून दूर राहणाऱ्यांना होणारा. आज कुणी त्याला आजार मानत नाही, पण त्यातला ‘घर’ हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. हुरहूर जागेची असते. पदार्थ त्या जागेचं तिकीट असतो.

हे तिकीट चालतं कसं? डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत शिरताना आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं. वास मात्र नाका चुकवून जातो. नाकातून तो घ्राणकंदात जातो, तिथून थेट भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालाकडे, आणि आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस तिथे शेजारीच. म्हणून वासाने आलेली आठवण विचार करायच्या आधीच अंगावर येते. डिस्नीला हे पक्कं ठाऊक आहे. त्यांनी वास सोडणारं यंत्रच बनवून घेतलंय, ‘स्मेलिट्झर’ त्याचं नाव. एपकॉट उद्यानातल्या एका सफरीत रोम जळताना दाखवतात, तेव्हा धुराचा वासही येतो.

१९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या दोन मानसशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, काही जमिनीवर, काही पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, जमिनीवरचे जमिनीवर. म्हणजे आठवण साठवताना मेंदू भोवतालही सोबत बांधून ठेवतो. फ्रंटियरलँडचे फ्राईज साठवले गेले तेव्हा त्यासोबत काय काय बांधलं गेलं असेल बघा: भाजणारं ऊन, दुखणारे पाय, तासभर रांगेत उभं राहून नुकतीच संपलेली सफर, बाबांच्या हातातला घडी विस्कटलेला नकाशा, लाकडी कठड्यावर ठेवलेला पुडा. हायवेवरच्या मॅकडोनल्ड्समध्ये यातलं पुड्याखेरीज काहीही नाही.

अजून एक अडचण आहे. जी किल्ली एकाच कपाटाला लागते ती फिरवली की ते कपाट उघडतं. जी किल्ली हजार कपाटांना लागते ती फिरवून नेमकं एखादं उघडणं अवघड. अमेरिकी माणसाने मॅकडोनल्ड्सचे फ्राईज आयुष्यात हजार वेळा खाल्लेले असतात, त्यामुळे नुसत्या त्या चवीने त्याला काहीच ठळक आठवत नाही. म्हणून उद्यान किल्लीला वेगळे दात पाडतं. नाव वेगळं, टपरी वेगळी, विकणाऱ्याचा गणवेश वेगळा. फ्लोरिडातल्याच डिस्नीच्या अ‍ॅनिमल किंगडम या उद्यानात, डायनोसॉरच्या भागात, याच फ्राईजचं नाव होतं ‘पेट्रिफ्राईज’, म्हणजे अश्मीभूत फ्राईज. विनोद तसा सुमारच. पण आठ वर्षांच्या मुलाला तो जन्मभर पुरतो.

मी स्वतः अमेरिकेत कधी गेलेले नाही. माझ्या वाटणीचं थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. तिथे आत काय खाल्लं हे मला काही केल्या आठवत नाही. आठवते ती खाडीतली बोट, आणि परतताना त्याच बोटीत आईने स्टीलच्या डब्यातून काढलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, खाऱ्या वाऱ्यात थोड्या वातड झालेल्या. त्या पुऱ्या ती घरी दर पंधरा दिवसांनी करायची. पण बोटीतल्या पुऱ्या म्हणजे त्याच, त्या दिवशीच्याच.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या फ्राईजची आठवण जरा वेगळ्या वळणाने जाते. मॅकडोनल्ड्सने १९९० मध्ये अमेरिकेत गोमांसाची चरबी सोडून वनस्पती तेलात फ्राईज तळायचं जाहीर केलं. शाकाहारी हिंदू कुटुंबांनी अर्थातच ते शाकाहारी धरले. उद्यानात दुसरं काही खायचं म्हटलं की प्रत्येक पाटीखाली चौकशी करावी लागायची, फ्राईज मात्र निर्धास्त. पण चवीसाठी त्यांत गोमांसापासून काढलेला स्वादार्क घातला जात होता. २००१ मध्ये सिएटलमध्ये एका भारतीय वंशाच्या वकिलाने दावा लावला, मुंबईतही निदर्शनं झाली, भारतातल्या फ्राईजमध्ये असलं काही नाही असा खुलासा कंपनीला करावा लागला. २००२ मध्ये माफी आणि एक कोटी डॉलरच्या देणग्यांवर प्रकरण मिटलं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. ती १९९९ मध्ये दोन्ही पोरांना घेऊन डिस्नीला गेली होती. “अगं, दोन दिवस पोरांनी तेवढंच खाल्लं. मी आपली खूश, की चला, शाकाहारी काहीतरी मिळालं.” तिच्या फ्रिजवर एक फोटो आहे. धाकटा मिकीचे कान घालून उभा, तोंडाला मीठ, हातात लाल पुडा. बातमी आली तेव्हा तिला तो काढून टाकावासा वाटला होता. काढला नाही. पण त्याच्यावर चुंबक असा लावलाय की पुडा बरोबर झाकला जातो.

हे एका घराचं झालं. काही टपऱ्यांच्या बाबतीत पूर्ण देशालाच चुंबक कुठे लावायचं हा प्रश्न पडतो. १९५५ च्या डिस्नीलँडमध्ये ‘आंट जेमायमा’चं पॅनकेकचं हॉटेल होतं. आंट जेमायमा म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरची हसरी कृष्णवर्णीय बाई, गुलामगिरीच्या काळातल्या प्रेमळ मोलकरणीची गोऱ्यांनी रंगवलेली प्रतिमा. एलिन लुईस ही कृष्णवर्णीय स्त्री कितीतरी वर्षं तिथे त्या वेषात पाहुण्यांचं स्वागत करायची, मुलांबरोबर फोटो काढून घ्यायची. ज्यांच्या बालपणात ते फोटो आहेत त्यांच्यासाठी ती गोड आठवण आहे. पण ते गोड वाटण्यासाठी आपण फोटोत कुठल्या बाजूला उभे होतो याला महत्त्व आहे. क्वेकर कंपनीने २०२० मध्ये हे नाव मागे घ्यायचं जाहीर केलं. जुन्या खाद्यटपऱ्यांवर गहिवरून लिहिणाऱ्यांना हा भाग गाळायची सवय असते. मला तो गाळता येत नाही.

आणि काही पदार्थ करार टिकल्यामुळे प्रसिद्ध झाले. डोल ही अननसवाली कंपनी १९७० च्या दशकात डिस्नीलँडमधल्या टिकी रूमची प्रायोजक झाली. तिथे यांत्रिक पक्षी गातात, बाहेर अंगणात अननसाचा रस मिळायचा. १९८० च्या दशकात ‘डोल व्हिप’ आलं, अननसाचं मऊ, पिळदार, आइस्क्रीमसारखं काहीतरी. बरीच वर्षं ते मोजक्या ठिकाणीच मिळायचं, त्यामुळे किल्ली एकाच कपाटाची राहिली. एप्रिल २०२० मध्ये सगळी उद्यानं कुलूपबंद असताना डिस्नीने घरी करायची कृती देऊन टाकली: व्हॅनिला आइस्क्रीमचा एक मोठा गोळा, अर्धा कप अननसाचा रस, दोन कप गोठवलेले अननसाचे तुकडे, मिक्सरमधून फिरवा.

मी केलं. गोठवलेला अननस पुण्यात लॉकडाउनमध्ये कुठून मिळणार, म्हणून आदल्या रात्री फोडी करून फ्रीझरमध्ये ठेवल्या. मिक्सरचं पातं दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा जे बाहेर आलं ते छानच होतं, आंबटगोड, थोडं दोरेदार. मला त्याने काहीही आठवलं नाही. आठवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. एडिसनला बहिणीने त्याच आठवड्यात केलं. व्हिडिओ कॉलवर पहिला चमचा घेतल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, “आत पक्ष्यांचं गाणं सुरू झालं होतं आणि धाकट्याला तेव्हाच शू लागली होती.” एवढंच. पण तिला ते वीस वर्षांत आठवलं नव्हतं.

उद्यानवाल्यांना आता हे सगळं कळून चुकलंय. पूर्वी आठवण चुकून तयार व्हायची, आता ती ठरवून भांड्यात भरून विकतात. टोकियो डिस्नीलँडमध्ये गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचे पॉपकॉर्नचे डबे मिळतात, दर हंगामाला नव्या आकाराचे, आणि पॉपकॉर्न करी, सोया सॉस, मध अशा चवींचे. जानेवारी २०२२ मध्ये एपकॉटला फिगमेंट नावाच्या जांभळ्या ड्रॅगनच्या आकाराचा डबा आला, तर लोक कित्येक तास रांगेत उभे राहिले. फिगमेंट १९८० च्या दशकातलं पात्र. रांगेत पुष्कळसे चाळिशीपुढचे. पॉपकॉर्न नेहमीचेच होते.

अ‍ॅनिमल किंगडममधला तो डायनोसॉरचा भाग आता मोडून तिथे मध्य-दक्षिण अमेरिकेच्या धर्तीवर नवं काही उभारायचं २०२४ मध्ये जाहीर झालं. तिथल्या मुख्य सफरीच्या रांगेत गाडीत बसायच्या जागी तीन जाड नळ्या होत्या, लाल, पिवळी आणि पांढरी. प्रत्येकीवर रासायनिक सूत्रं लिहिलेली. बघणाऱ्याला वाटायचं, प्रयोगशाळेचा देखावा आहे. ती सूत्रं केचप, मोहरीची चटणी आणि मेयोनेझची होती. प्रायोजक मॅकडोनल्ड्सला केलेला तो चोरटा नमस्कार. करार संपला, पाटी उतरली, पेट्रिफ्राईज गेले. नळ्या पुसायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ते पुढची कितीतरी वर्षं रांगेत आपल्या पोरांना बोट दाखवून सांगत राहिले, तो बघ, तो लाल, तो केचप.